समीरचा चॅनल

"समीरला म्यूट करा, काका," राधिका म्हणाली. "फक्त निखिल हवाय."

मी टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये साउंडचं काम करतो. मंडळांचे कार्यक्रम, लग्नं, अधूनमधून कॉमेडी. निखिल आणि समीर ही जोडी टेक्सासभर शो करते. समीर गंभीर चेहऱ्याने प्रश्न विचारतो, निखिल उत्तर देतो आणि हशा पिकतो. पैसे निम्मे-निम्मे. राधिका ही निखिलची होणारी बायको. तिचं म्हणणं सरळ होतं. लोक निखिलमुळे हसतात, मग पैसे निम्मे का? तिला मागच्या शोच्या रेकॉर्डिंगमधून त्याचा एकट्याचा डेमो, म्हणजे नमुन्याचा व्हिडिओ, हवा होता. समीरला याचा पत्ता नव्हता. निखिल खाली मान घालून बसलेला. मला दोघांचाही राग आला, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

स्टेजवर प्रत्येकाचा माइक वेगळा रेकॉर्ड होतो. त्याला आम्ही चॅनल म्हणतो. मी समीरचा बंद केला. निखिल भिंतीशी बोलत असल्यासारखा वाटायला लागला.

"शी! हे काय?" राधिका म्हणाली. "बरं, समीरचे प्रश्न स्क्रीनवर टाकू."

ते लिहून घ्यायचे तर ऐकायला हवेत. मी फक्त समीरचा चॅनल लावला.

प्रश्न. मग दाबून ठेवलेलं खुसखुसणं. पुन्हा प्रश्न, पुन्हा तेच.

"हे कोण हसतंय?" निखिलने विचारलं.

"समीर. तुझ्या प्रत्येक उत्तराला. तोंड फिरवतो म्हणून दिसत नाही. शोच्या वेळी तेवढ्यापुरता मी त्याचा आवाज खाली घेतो."

"अहो, पण हेच जोक्स आम्ही किती वर्षं करतोय!"

"मग? मला काय सांगतोस?"

निखिलचे डोळे भरून आले.

"मी आपल्या घराचं डाउन पेमेंट बघत होते रे," राधिका हळूच म्हणाली. तिचंही काही चुकलं नव्हतं. बँक टाळ्या घेत नाही.

निखिलने तिथूनच समीरला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. डेमो कॅन्सल झाला. राधिका आता दोघांची मॅनेजर आहे. मंडळांशी अशी घासाघीस करते की यंदा दोघांनाही जास्त मिळतंय.

माझं बिल मात्र मी लावलंच. भावनेच्या भरात बिल सोडायचं नाही, एवढं धंद्याने शिकवलंय. पैसे दोन खात्यांतून आले, निम्मे-निम्मे. मी निखिलला फोन केला.

"अरे, समीरने कशाला भरले? डेमो त्यालाच वगळायला होता ना?"

"मीही तेच म्हटलं, काका. ऐकेचना. म्हणाला, शोचा खर्च निम्मा-निम्मा, ठरलंय आपलं."