न कापणारं बोट

माझी मुलगी मुक्ता कीबोर्डच्या आत चालणारा प्रोग्राम लिहिते. तो तपासायला तिने संगणकातच एक खोटा कीबोर्ड केला आहे आणि तो दाबणारं एक खोटं बोटही. हे बोट दिवसभर बटणं दाबतं आणि पडद्यावर हिरव्या खुणा उमटत राहतात. इतकं निर्दोष यश मी एरवी फक्त संस्थांच्या वार्षिक अहवालांतच पाहिलं आहे.

मग तोच प्रोग्राम घातलेला खरा कीबोर्ड घरी आला. माझी बायको सुमन त्यावर बहिणीला पत्र लिहायला बसली. तिचा हात हल्ली कापतो. एकेक अक्षर दोन-दोनदा उमटू लागलं.

"राहू दे गं. माझाच हात कामातून गेलाय. पत्रं बंद आता."

"तुझा हात नाही, माझं ते खोटं बोट बिघडलंय. दाब बघू परत," मुक्ता म्हणाली आणि आईचं बोट निरखत बसली. ते टेकायचं, किंचित उचललं जायचं, पुन्हा टेकायचं.

न कापणाऱ्या माणसासाठी आपण जग बांधतो आणि कापणारा माणूस बिचारा माफी मागतो.

दुसऱ्या दिवशी खोटं बोटही कापू लागलं. पडदा लालेलाल झाला.

"आई, तुझ्यामुळे माझा प्रोग्राम नापास झाला गं!" मुक्ता आनंदाने ओरडली.

मुक्ताने प्रोग्राम दुरुस्त केला आणि आठवड्याने खुणा पुन्हा हिरव्या झाल्या. सुमनने पत्राचं पहिलं वाक्य लिहिलं, 'माझ्या हाताला काही झालेलं नाही.' प्रत्येक अक्षर एकदाच उमटलं. हात मात्र तसाच कापत होता.