उताराखालची जागा

माझे साडू मला पहिल्यांदा दिसले ते सासुरवाडीच्या दाराच्या चौकटीत, आणि जेवणं उरकेपर्यंत तिथेच दिसत राहिले. आत येईनात, बाहेर जाईनात. नजर छताला अशी चिकटलेली की सासूबाईंनी पाल हाकलायला केरसुणी आणली. शेवटी मेहुणीने खुलासा केला, "ते आर्किटेक्ट आहेत. घर पडलं तरी चौकट टिकते म्हणतात." सासऱ्यांचं घर इतकी वर्षं बिनघोर उभं होतं, त्या दिवशी त्यालाही स्वतःबद्दल शंका आली असावी.

लिफ्टमध्ये ते देवाचा धावा करत आणि जिन्यावर कठड्याचा. अशा माणसाला डोंगरातल्या शेतकऱ्यांनी लहानसं प्रार्थनाघर बांधायला बोलावलं. सगळी वस्ती मावेल एवढी एक खोली आणि वर घंटा. सोबत त्यांनी मला ओढून नेलं. "दोघं असलो की घाबरायला बरं पडतं," म्हणाले.

जागा आधीच ठरली होती. पिकाची जमीन बांधकामाला द्यायची नाही, असा तिथला पिढीजात शिरस्ता. घर, गोठा, सगळं नापीक तुकड्यावर. प्रार्थनाघरासाठीही तसाच तुकडा काढून ठेवलेला, उभ्या उताराच्या पायथ्याशी.

साडू उकिडवे बसले, माती चाळवली. "इथे काही उगवत का नाही?"

"दगड फार," वस्तीची कारभारीण म्हणाली. सगळे तिला आत्या म्हणत. "किती वेचले तरी पुढच्या वर्षी आहेतच."

साडूंनी हळूच मान वर केली. मीही केली. उतारावर मोठाले धोंडे होते, कुणी ठेवून विसरल्यासारखे. तेवढ्यात वर कुठेतरी काही सुटलं. दोन-तीन खडे टपटपत आले आणि आमच्या पायाशी थांबले. मी दोन पावलं मागे सरलो. आत्याने एक खडा उचलून बांधावर टाकला, अंगणातला पाचोळा टाकावा तसा.

मग सगळे तिच्या स्वयंपाकघरात जमले. "नकाशा दाखव की," आत्या म्हणाली.

साडूंनी गुंडाळी पोटाशी धरली. "तिथे मी बांधणार नाही, आत्या. दार लावलेलं, डोळे मिटलेले, पोरं मांडीवर. आवाज कानावर येईपर्यंत उशीर झालेला असेल."

"आजवर मोठा धोंडा कधी आला नाही."

"आजवर तिथे कुणी बसलंही नाही."

कोपऱ्यातला गवळी हसला. "पाहुणे, तुम्हाला भीती जरा जास्तच दिसते."

"हो," साडू म्हणाले. "तुमच्या वाटणीचीही मलाच वाटतेय."

आता हे काम जाणार, आणि आपल्यालाही अंधारात डोंगर उतरावा लागणार, म्हणून मी चपला कुठे काढल्या ते नजरेने शोधू लागलो. आत्या खिडकीबाहेर उताराकडे बघत होती. तिची नात बाकावर झोपली होती. तिचं पांघरूण तिने उगाचच सारखं केलं.

"मग बटाटा काय तुझ्या डोक्यावर लावू?" ती उठली. "चल, माझ्या शेताच्या कडेला बघ."

कडेला उभे राहून साडूंनी वर पाहिलं. "आणखी थोडं पुढे." दोन सऱ्या गेल्या. पुन्हा वर पाहिलं. "आणखी थोडं." आत्या मागून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चालली होती. साडूंचा चेहरा पांढराफटक, पण पाय थांबेनात. थांबले ते तिच्या सगळ्यात कसदार जमिनीच्या मधोमध. तिथे त्यांनी खुंटी ठोकली.

प्रार्थनाघर तिथेच आहे. आत्याच्या घरी दरसाल चार पोती बटाटा कमी येतो. उतारावरचा एकही मोठा धोंडा अजून हललेला नाही.