एका कपाचे दाणे

नवरा गेला त्या वर्षी सरोजिनीबाईंनी वेगळी चूल मांडली. चूल म्हणजे वरच्या मजल्यावरच्या खोलीत एक ओटा, एक शेगडी, एक छोटा फ्रिज आणि कॉफीची दोन यंत्रं. पण जुळे सोलापुरातल्या त्या घरात 'वेगळी चूल' हे शब्द उच्चारले गेले आणि ते तसेच चिकटले.

खालचं स्वयंपाकघर थोरल्या नणंदेचं. गोदावरीबाई नवऱ्यामागे माहेरी परतल्या, तेव्हापासून सगळं घर त्यांना अक्का म्हणत आलं. सरोजिनीबाई मात्र रीतीप्रमाणे वन्सं. त्या स्वयंपाकघरात दोन वेळा मोठ्या पातेल्यात चहा उकळायचा आणि सगळ्यांचे कप भरून झाले की गाळणीतल्या चोथ्यावर पुन्हा पाणी ओतून जे निघेल ते सरोजिनीबाईंचं. भाकरीचंही तेच. ताजी पुरुषांना, मग पोरांना, कालची सुनेला. कुणी जुलूम केला म्हणून नव्हे. तसंच असतं, असं सगळेच धरून चालले होते, सरोजिनीबाईसुद्धा.

त्यांना कॉफीचा वास ठाऊक होता तो शाळेपासून. कॉन्व्हेंटमधल्या मंगळूरकडच्या सिस्टर दुपारी कॉफी करत, आणि शिक्षा म्हणून वर्गाबाहेर उभं राहिलं की तो वास व्हरांड्यातून येई. सरोजिनीबाई अधूनमधून मुद्दाम शिक्षा ओढवून घेत. पुढे लग्न झालं. वेणीमाधवरावांना चहाशिवाय काही चालत नसे, म्हणून घराला चालत नसे.

ते गेल्यावर त्या मुलाकडे पुण्याला राहून आल्या. सुबोधकडे एस्प्रेसोचं यंत्र होतं. सून चेतना सकाळी ज्या पद्धतीने कॉफी करी, ती त्या रोज बाजूला उभं राहून बघत. परत आल्या आणि तसलंच यंत्र आणि ग्राइंडर मागवून मोकळ्या झाल्या. कुणाला विचारलं नाही.

पद्धत अशी. दाणे सगळे एकदम दळायचे नाहीत. एका कपाला लागतील तेवढेच छोट्या काट्यावर तोलायचे. ओल्या चमच्याच्या दांड्याने ते एकदा हलवायचे, म्हणजे भुकटी भांड्याला चिकटत नाही. मग ग्राइंडरमध्ये घालायचे. दळून झालं की वरचा रबरी भाता दोनतीनदा दाबायचा, आत अडकलेली भुकटी फुंकरीने बाहेर येते. पुन्हा तोलायचं. जेवढं घातलं तेवढं आलं पाहिजे. कालचं आज कपात येता कामा नये.

हे शेवटचं त्यांना सगळ्यात आवडलं. दर आठवड्याला त्या मसाल्याच्या छोट्या काचेच्या बाटल्या घेऊन बसत, एकेका बाटलीत एकेका कपाचे दाणे तोलून भरत आणि फ्रिजमध्ये मागच्या बाजूला रांगेने लावत. उरलेली पिशवी कपाटात.

वन्संना यातलं काहीच पटत नव्हतं. एकटीपुरतं रांधणं हे त्यांच्या मते आजारपणाचं लक्षण होतं, नाहीतर गर्वाचं. दळण म्हणजे पायली-अर्धी पायली, चटणी म्हणजे डबाभर. "मूठभर दाण्यांसाठी यंत्राला भात्यानं वारा घालतेय, लोहार झालीय," असं त्या आल्यागेल्याला सांगत. आलागेला हसे. सरोजिनीबाईही ऐकत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भाता दाबत.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा सुबोधचा फोन आला. त्याने आणि आत्याने मिळून ठरवलं होतं की वरचा मजला भाड्याने द्यायचा. आईने खाली आत्याच्या खोलीत राहायचं. दोघींना सोबत होईल, दोन गॅस नकोत, जिना नको. यंत्रं तो पुण्याला घेऊन जाईल. सरोजिनीबाईंनी इतकंच म्हटलं की तू ये, मग बोलू.

श्राद्धाला पाहुणे जमले. सरोजिनीबाई दोन दिवस खालीच राबत होत्या, वर फक्त झोपायला जात. तेवढ्यात वन्संनी एक भलं काम केलं. मनात वाकडं काही नव्हतं. एवढ्या माणसांत कॉफीचं नाव निघालं, तर सगळ्यांना एकदम मिळावी इतकंच. त्या शेंगाचटणीचे दाणे कांडपाला घेऊन निघाल्या होत्या. वर जाऊन त्यांनी कपाटातली कॉफीची पिशवीही उचलली. कांडपवाला बिरदेव म्हणाला, "ह्या बिया लई कडक हायत की अक्का, आन् आत्ताच मिरची काढलीया." वन्संनी त्याला सांगितलं, दाणे ते दाणे, घाल.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पातेलंभर दुधात ती भुकटी उकळली. पहिला घोट सुबोधने घेतला आणि त्याला ठसका लागला. मग धाकट्या दिरांना. मग सगळ्या ओसरीभर खोकला. कुणीतरी म्हणालं, अक्का, ही कॉफी आहे की तांबडा रस्सा? हसू ओसरलं तसं वन्संनी कप खाली ठेवला. चिडल्या होत्या.

"बघितलंस सुबोध? एवढं कौतुक चाललंय त्याचं. बंद करा ते थेर एकदाचे. एका बाईला स्वयंपाकघर लागतं कशाला?"

सगळे सरोजिनीबाईंकडे बघू लागले. त्यांच्या हातात कपबश्यांचा ट्रे होता. तो त्यांनी ओटीवर ठेवला, कुणाच्याही पुढे न फिरवता.

"ज्याला कॉफी हवी त्यानं वर यावं," त्या म्हणाल्या. "एकेकाची होईल. थांबावं लागेल."

आणि जिना चढून गेल्या.

सुबोध मागोमाग आला, समजूत घालायला. त्याच्यामागे चेतना, दीर, आणखी दोघंतिघं. खोलीत उभं राहायला जागा नव्हती. सरोजिनीबाईंनी फ्रिजच्या मागच्या बाजूची एक बाटली काढली. वन्संच्या नजरेतून या बाटल्या सुटल्या होत्या. त्यांना ती औषधं वाटली असावीत. दाणे तोलले, ओला चमचा फिरवला, दळले, भाता दाबला, पुन्हा तोलले. कपात दाट तपकिरी धार उतरली. सुबोधने सवयीने हात पुढे केला.

"ही माझी," त्या म्हणाल्या.

आणि सगळे उभे असताना त्या खुर्चीवर बसल्या आणि प्यायल्या. घाई केली नाही. त्या घरात पाहुण्यांच्या आधी सुनेने काही तोंडाला लावल्याचं कुणाला आठवत नव्हतं. चेतना खाली मान घालून हसत होती. कप रिकामा झाल्यावर त्यांनी दुसरी बाटली काढली. सुबोध भाड्याचं काहीतरी बोलायला लागला होता; "तुझी करतेय, गप उभा राहा," ऐकून गप उभा राहिला.

शेवटी जिन्यावर वन्संचे गुडघे वाजले. त्या आल्या, खुर्चीत टेकल्या आणि आपल्यासाठी दाणे तोलले जाताना टक लावून बघत राहिल्या. एक दाणा जास्त झाला तो सरोजिनीबाईंनी काढून घेतला.

"तेवढ्यानं काय भिकेला लागणार आहेस?"

"चव बिघडते, वन्सं."

वन्संनी घोट घेतला, कडू आहे म्हणाल्या, साखर मागितली, दोन चमचे घालून घेतली आणि सगळी प्यायल्या. चांगली म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, सुबोध बॅग भरून वर आला. आत्या दारात उभी होती. त्याने विचारलं, आई, मग भाडेकरूंना काय कळवू? ग्राइंडर सुरू होता. सरोजिनीबाईंना प्रश्न नीट ऐकू आला होता. पण त्यांनी आधी दाणे संपू दिले, भाता दाबला, शेवटची भुकटी वाटीत पडलेली पाहिली. मग म्हणाल्या,

"नाही म्हणून कळव."