शेजारच्या सीटचा ब्रेक

माझ्या दादाचा जन्म शेजारच्या सीटवर बसण्यासाठीच झाला, असं मी म्हणते आणि तो चिडतो. पण खोटं काय आहे त्यात? गाडी शिकवणारा माणूस सगळं आयुष्य गाडीत काढतो आणि स्टिअरिंग कायम दुसऱ्याच्या हातात. त्याच्या वाट्याला येतो तो पायाखालचा जादा ब्रेक. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही पेडल बसवलेलं असतं, आतून ड्रायव्हरच्या पेडलाला जोडलेलं. शिकणारा गडबडला की शिकवणाऱ्याने दाबायचं. आमच्या भागातली निम्मी माणसं दादाच्या त्या एका पायामुळे धडधाकट आहेत.

पोरं त्याला हळूसर म्हणतात. समोरचा थेट फळांच्या गाड्यावर चाल करून निघाला तरी हा आपला "हळू, हळू" एवढंच म्हणणार, तेही शेजाऱ्याला साखर मागावी तशा आवाजात. परक्यांशी असा साधुसंत. घरच्यांशी मात्र वेगळाच अवतार. लग्नानंतर त्याने वहिनीला गाडी शिकवायला घेतली, ती दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी गाडी पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिली आणि दोघं दोन वेगळ्या रस्त्यांनी पायी घरी आले. पुढे वहिनी गॅरेजवाल्याकडे शिकली, लायसन्सही काढलं, पण ते कपाटात कपड्यांच्या घडीखाली गेलं ते गेलंच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरी वर्षानुवर्षं होता.

दादाचा आवाज बसला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. दिवसभर बोलणाऱ्याचा घसा बसायचाच. मीच त्याला लवंग चघळ म्हणून सांगितलं आणि विषय संपवला. लक्षात आलं ते त्याच्या मुलीच्या. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहते, तिला बापाचा नुसता आवाजच भेटतो. एकदा फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलताय की दुसरं कुणी?" आणि सुट्टी टाकून आली ती त्याला धरून डॉक्टरकडेच घेऊन गेली.

घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर शांतपणे समजावून सांगत होते आणि आम्ही तिघी ऐकत होतो, म्हणजे ऐकल्यासारखं करत होतो. त्यांचं सांगून झाल्यावर दादाने एकच प्रश्न विचारला.

"गाडी चालवता येईल ना?"

"सध्या नाही. औषधांनी गुंगी येईल, अशक्तपणा येईल."

बाकीचे प्रश्न आम्ही विचारले. जगण्यामरणाचे होते, पण त्याला ते किरकोळ वाटत असावेत.

घरी आल्यावर जो तो आपापल्या परीने वेडा झाला. वहिनीने कपाटं काढली आणि सगळं घर धुऊन पुसून लख्ख केलं, जणू रोग कोपऱ्यातल्या धुळीत बसला होता. मी भांडत सुटले. औषधवाला, दूधवाला, वरच्या मजल्यावरची बाई, कुणाला सोडलं नाही. मुलीने मिळेल ते वाचून काढलं. आणि दादा विनोद करत राहिला. आजाराचं नाव मात्र कुणी घेत नव्हतं. "ते" म्हणायचं, "त्याचं" म्हणायचं. शेवटी जेवताना मुलगीच कडाडली.

"आई, आत्या, कॅन्सर म्हणा. नाव घेतल्याने वाढत नाही तो."

दादा म्हणाला, "म्हणा गं. माझा आहे, तुम्ही का लाजताय?"

सगळे हसलो. वहिनी हसता हसता उठून आत गेली.

उपचार ठरले. तासाभरावरच्या मोठ्या शहरात रोज किरणांच्या मशीनखाली जायचं, आठवड्याची सुट्टी सोडून, कित्येक आठवडे. मुलगी नोकरीवर परतली, सुट्टीला येत राहिली. नेण्या-आणण्याची जबाबदारी दादाच्या विद्यार्थ्यांनी उचलली. अर्धं गाव त्याचं शिष्य, गाड्यांना काय तोटा! रोज नवा शिष्य, रोज नवी गाडी. माणसं सोन्यासारखी, पण तोंडं! कुणी निम्म्या वाटेत म्हणायचा, "सर, माझ्या मामांनाही हेच झालं होतं." मग मामांचं पुढे काय झालं ते आठवून गप्प व्हायचा आणि पुढचा सगळा रस्ता आम्ही मामांच्या शोकसभेत बसल्यासारखे जायचो. एक जण तर सरांकडे बघून इतका रडला, की दादालाच स्टिअरिंग धरावं लागलं. वर दादाला त्यांच्या चुका दिसायच्या आणि घसा दुखत असल्यामुळे सांगता यायच्या नाहीत. एका संध्याकाळी घरी येऊन तो म्हणाला, "मी उद्यापासून जाणार नाही."

आम्हाला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती.

"माणसाला एवढं दयेत बसवून नेतात, ते आपल्याला जमायचं नाही. काय व्हायचं ते घरी होऊ दे."

मी रागावले, गोडीने बोलले, पुन्हा रागावले. मुलीने फोनवर बजावलं, मध्ये खाडे झाले तर आधी घेतलेलंही पाण्यात जाऊ शकतं. तो खिडकीबाहेर बघत बसला. मग वहिनी आतून आली. तिच्या हातात लायसन्स होतं.

"मी नेते तुम्हाला."

दादाने तिच्याकडे पाहिलं, लायसन्सवरच्या तरुण फोटोकडे पाहिलं, आणि त्याला हसू आलं. हसल्यावर खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "बसेन. पण माझ्या शिकवायच्या गाडीत. माझा ब्रेक माझ्या पायाखाली पाहिजे. नसला तर नाही येणार."

अशी सगळी गोष्ट त्या एका पेडलावर येऊन ठेपली.

वहिनीने गॅरेजवाल्याला शेजारी बसवून हात साफ करून घेतला आणि आम्ही निघालो. वहिनी चालवायला, दादा शेजारी, मी मागे पिशवी आणि थर्मास घेऊन. पहिल्या दिवशी त्याने ब्रेक चौकात दाबला, वळणावर दाबला, समोरून सायकल आली म्हणून दाबला. वहिनीची चूक असो नसो, ह्याचा पाय तयार. मोठ्या रस्त्यावर तर त्याने काही कारण नसताना असा कचकन दाबला की मागचा ट्रक आमच्या बंपरपाशी येऊन थांबला. मी सीटवरून घसरून खाली, थर्मास माझ्या अंगावर. ट्रकवाल्याने खाली उतरून आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. वहिनीने गाडी सावकाश पुढे काढली. पण त्याला घरी झोपवून ती मला घेऊन थेट गॅरेजवर गेली.

"ह्यांच्या बाजूचा ब्रेक सोडवून ठेवा."

गॅरेजवाला दादाचा जुना दोस्त. त्याने हातातलं काम खाली ठेवलं. "वहिनी, सरांचा ब्रेक? त्यांना कळलं तर?"

"कळता कामा नये. कळलं तर ते गाडीत बसणार नाहीत. आणि नाही सोडवला तर आम्ही तिघंही एक दिवस ट्रकखाली जाऊ. तुम्हीच सांगा, कुठलं बरं?"

त्याने जोडणीची पिन काढली. पेडल लुळं पडू नये म्हणून खाली एक स्प्रिंग बसवली, म्हणजे दाबलं की दाबल्यासारखं लागेल आणि पाय परत वर येईल. मला वहिनीने तिथेच शपथ घातली. मी शपथेची माणूस नाही, पण ताकास तूर लागू दिली नाही.

आता प्रश्न असा, की दादाने दाबल्यावर गाडी थांबायला तर हवी. त्यावर वहिनीने जे केलं त्याला माझा आजही नमस्कार आहे. ती एक डोळा रस्त्यावर ठेवायची आणि एक दादाच्या गुडघ्यावर. त्याचा गुडघा हलला की ही आपल्या बाजूला अलगद ब्रेक लावायची. मागे गाडी असेल तर नुसता स्पर्श, नसेल तर जरा जास्त. पहिले दोन दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता. चोराच्या मनात चांदणं! दादा नुसता खाकरला तरी ती दचकायची. पण तो काही बोलला नाही. आम्हाला वाटलं, खपलं.

आठवडे गेले. मशीनने गळ्याची कातडी काळी पडली. आधी घन पदार्थ गेले, मग पातळही कष्टाने उतरू लागलं. एक वाटी सूप संपवायला अर्धी सकाळ जायची आणि वहिनी शेजारी बसून असं दाखवायची, की तिला तरी कुठे घाई आहे. आवाजही गेला, राहिली ती कुजबुज. कसं वाटतंय विचारलं की तो अंगठा वर करायचा. मुलगी सुट्टीला आली की त्याच्यापाशी बसून म्हणायची, "बाबा, मनातलं बोला ना काहीतरी." तो तिला कुजबुजत सांगायचा की तिच्या गाडीच्या टायरात हवा कमी आहे. त्याचा तो अंगठा बघितला की मला वाटायचं, मोडून ठेवावा. माझ्या भावाला भीती वाटत असणार हे मला कळत होतं आणि तो मला ते कळू देत नव्हता, ह्याचा मला फार राग यायचा.

तो मशीनकडे गेला की वहिनी बाहेर गाडीच्या काचा पुसत बसायची. पुसता पुसता रडायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटत असेल, बाई फारच टापटिपीची दिसते.

एके दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की उपचार संपल्यावर तपासणी करू, गाठ किती गेली ते तेव्हाच कळेल, आत्ता काही सांगता येत नाही. दादाने त्यांनाही अंगठा दाखवला. आम्ही परत निघालो. दुपारची वेळ, मोकळा सरळ रस्ता. समोर काही नाही, मागे काही नाही, रस्ता ओलांडायला एक कुत्रंसुद्धा नाही. वहिनी निवांत होती, तिची नजर त्याच्या गुडघ्यावर नव्हती. आणि दादाने ब्रेक दाबला. पूर्ण जोर लावून, सीटला पाठ रेटून. गाडी आपली चाललीच होती. त्याने पुन्हा दाबला, आणि तसाच दाबून धरला. 

वहिनीला दिसलं तेव्हा फार उशीर झाला होता. तिने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. तिच्या चेहऱ्यावर रंग उरला नव्हता.

"मी काढून टाकलाय तो," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी ट्रक आला ना मागून, तेव्हाच. माझ्यावर काय चिडायचं ते चिडा. पण उद्या यायचं नाही असं म्हणू नका. तुमच्या पाया पडते."

दादाने पाय खाली ठेवला. कुजबुज ऐकू यावी म्हणून मी दोन्ही सीटच्या मधून पुढे वाकले.

"मला पहिल्या दाबालाच कळलं," तो म्हणाला. "एवढी वर्षं त्या पेडलावर पाय आहे माझा. पिन काढून खाली स्प्रिंग घातलीय, हेही कळलं. आणि तू माझा गुडघा बघून ब्रेक लावतेस तेही."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने माझ्याकडून थर्मास घेऊन एक घोट घेतला. गिळायला त्रास होत होता, की बोलायला, कोण जाणे.

"तिथे तोंडावर तो जाळीचा मुखवटा बसवतात. टेबलाला आवळून टाकतात, मान हलवायची नाही. सगळे बाहेर जातात, दार लावतात. मग ते मशीन डोक्याभोवती फिरतं." त्याने पायाखालच्या पेडलाकडे बघितलं. "तिथे पायाखाली काही नसतं गं. इथे येऊन दाबून घेतो."

वहिनीने स्टिअरिंगवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले.

"भीती वाटते मला," दादा म्हणाला. "फार वाटते."

माझा दादा हे वाक्य बोलला. बाप गेला तेव्हा नाही बोलला, मी लहानपणी विहिरीत पडले आणि त्याने मला वर काढलं तेव्हाही नाही. मी मागच्या सीटवर तोंडात पदर कोंबून बसले.

"मलापण वाटते," वहिनी म्हणाली. "रोज वाटते. तुम्ही आत गेलात की मी बाहेर रडते."

"माहीत आहे. काचा बघून कळतं. इतक्या स्वच्छ काचा आपल्या गाडीच्या कधी होत्या?"

वहिनी रडता रडता हसली. मग नाक पुसून म्हणाली, "आजच गॅरेजवर जाऊन पिन परत बसवून घेते. तुमचा ब्रेक तुम्हाला."

"नको, नको." त्याने हातानेसुद्धा नको केलं. "खरा ब्रेक बसवला की विचार करून दाबावा लागेल. हा बरा आहे. मनासारखा दाबता येतो."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने किल्ली फिरवली, आरशात मागचा रस्ता पाहिला आणि म्हणाली, "मग दाबा हवा तेवढा. रस्त्याचं मी बघते."

गाडी अजून पहिल्या गिअरमध्येच होती तोवर दादाचा गुडघा हलला. वहिनीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.