गुलाबकाकांच्या चाकूचा तडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. नऊ वर्षं गिळून बसलोय, आता घुसमटून जीव जाईल असं झालंय — आणि सांगायला बसलो तर बघा, आधी तडा कसा बुजवतात तेच सांगत सुटलोय.

घडीच्या चाकूची लाकडी मूठ खिळ्यापाशी तडकते. तडा केसाएवढा असतो. पण मूठ वर्षानुवर्षं हाताचा घाम आणि तेल प्यालेली असते, तिच्यावर गोंद धरत नाही. आधी स्पिरिटने तेल काढायचं, लाकूड दोन दिवस सुकू द्यायचं, मग गोंद भरून शिकंज्यात आवळायचं. गांधीबागेतल्या आमच्या चाकू-सुऱ्या दुरुस्तीच्या दुकानात वडिलांनी मला सगळ्यात आधी हेच शिकवलं. म्हणजे माहीत नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही.

गुलाबकाका काटोलकडचे. संत्र्याची कलमं बांधायचे. जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या रोपाला चाकूने चीर द्यायची, तीत संत्र्याचा डोळा बसवायचा — दिवसभर हेच, त्यावरच घर चालायचं. चाकू देताना म्हणाले होते, "घाई नाही गा, हंगामाले वेळ आहे."

मग मला कसली घाई होती? कसलीच नाही. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती आणि मला हुशारी दाखवायची होती. तेल काढलंच नाही. भुसा आणि झटपट गोंद दाबला, घासला, वरून पॉलिश. दहा मिनिटांत तडा गायब. लोक वा वा म्हणाले, मी फुगलो. खिळा किंचित हलला — हो, हलला, मला जाणवलं — तरी म्हणालो, "पक्का झाला, काका."

ऐन हंगामात मूठ उकलली. पातं फिरून त्यांच्याच बोटांवर मिटलं. दोन बोटांच्या शिरा तुटल्या. ती बोटं पुन्हा वळली नाहीत, आणि काकांनी पुन्हा कलम बांधलं नाही.

फुटका चाकू घेऊन ते दुकानात आले. वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात असं वाटलं — खरंच वाटलं का? उकललेल्या लाकडावर गोंदाची चकचकीत पापडी नुसती बसली होती, कुठेच न धरलेली. मी ती नखाने खरवडून टाकली. त्यांच्यासमोरच! त्यांना त्यातलं काय कळणार?

त्यांनी विचारलं, "माह्याच हाताचा जोर जास्त झाला असंल का गा?"

एक 'नाही' पुरला असता. मी म्हणालो, "हो काका. जोर जास्तच झाला तुमचा."

त्यांनी मान हलवली. मग त्या ताठ बोटांसकट हात जोडले, आणि माझ्या कामाची माती केली म्हणून माझीच माफी मागितली.

आणि मी — मी त्यांना माफ केलं. "जाऊ द्या, काका," म्हणालो.