होडीसारखी शाकारलेली गाडी

मे महिन्यातल्या एका सोमवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, आमच्या गाडीच्या टपावर नारळ पडला. गाडीत कोणी नव्हतं. टपाला आमटीच्या वाटीएवढा खड्डा पडला, रंगाचा एक टवका उडाला, काचा शाबूत राहिल्या. नारळ घरंगळून वाळूत गेला. तोही फुटला नव्हता.

त्या वेळी आईच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेला चार दिवस उरले होते.

ही तिची दुसरी परीक्षा. शुक्रवारी सकाळी मुरुडला आरटीओचं शिबिर होतं आणि तिच्या शिकाऊ लायसन्सची सहा महिन्यांची मुदत त्याच रविवारी संपत होती. शुक्रवार हुकला तर सगळं पहिल्यापासून. आई एकसष्ट वर्षांची. बत्तीस वर्षं तिने आसपासच्या गावांतल्या मराठी शाळांत शिकवलं आणि त्यातला बराच काळ एसटीची वाट बघण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर तिने गाडी घ्यायला लावली, ती स्वतः चालवण्यासाठी. पहिली फेरी पालीच्या गणपतीला, हेही ठरलं होतं. "मी चालवणार. तू शेजारी बसायचं आणि गप्प राहायचं." पण पहिल्या परीक्षेत नापास झाल्यावर ती म्हणाली, "आता एकदाच. नाही जमलं तर गाडी विकून टाक. मी परत अर्ज करणार नाही." आई एकदा बोलली की त्यात बदल होत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

त्या पहिल्यांदा नापास होण्यात गाडीचाही वाटा होता. किंवा गाडी जिथे उभी असते त्या जागेचा.

आमचं घर सुपारीच्या वाडीत आहे. रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्या दगडांची पाखाडी येते. तिच्यावरून समोरासमोर दोन माणसं आली तर एकाला कुंपणाला टेकावं लागतं. त्यामुळे गाडी रस्त्यापलीकडे, समुद्राच्या अंगाला, कोळी लोक पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात त्या मोकळ्या जागेत लावतो. घरापासून एकशे दहा पावलं. वर आभाळ, पश्चिमेला समुद्र, मध्ये काही नाही.

नोव्हेंबरात कोरी आलेली गाडी मार्चपर्यंत जुनी दिसायला लागली. बंपरचं काळं प्लास्टिक राखाडी पडलं. वायपरची रबरं उन्हाने वाळून कडक झाली आणि काचेवर कमानीसारखे ओरखडे उठले. दुपारी स्टिअरिंगला हात लावता येत नसे. आई ओला पंचा गुंडाळून ते धरायची. आणि रोज सकाळी काचांवर खाऱ्या हवेचा पांढुरका थर.

आम्ही उपाय केले. आधी बाजारातलं तयार आवरण घातलं. दुपारचा वारा सुटला की ते शिडासारखं फुगायचं आणि फडफडायचं. त्याच्या आत वाळू शिरली. महिन्याभराने काढलं तेव्हा बॉनेटच्या कडांवरची चकाकी पॉलिश पेपरने घासल्यासारखी गेली होती. मग आईने जुनी गोधडी टाकली. गोधडीने रात्रीचं दव आणि हवेतलं मीठ दोन्ही प्यायलं. ती उचलली तेव्हा दाराच्या कडेला गंजाचे चार ठिपके होते.

एप्रिलमध्ये पहिली परीक्षा झाली. आईने निघताना मागची काच कोरड्या फडक्याने पुसली. मीठ निघालं नाही, पसरलं. रिव्हर्स घेताना ऊन नेमकं मागून आलं, काच दुधासारखी झाली, आणि शिबिराच्या मैदानावर रोवलेला उजवीकडचा खांब आईने पाडला.

मे लागल्यावर तिने गाडी त्याच जागेच्या टोकाला असलेल्या माडाखाली लावायला सुरुवात केली. मी नारळांकडे बोट दाखवलं.

"नारळाला डोळे असतात," आई म्हणाली. "आजवर कुणाच्या डोक्यात पडलाय? एक नाव सांग."

आमच्याकडे हे सगळेच मानतात. माडाखाली जाळी शिवतात, पत्ते खेळतात, दुपारी झोपतात. मी गावात चौघांना विचारलं. चौघांनीही आईचंच वाक्य ऐकवलं. गाडी माडाखाली राहिली. सोमवारी नारळ पडला तेव्हा तिला तिथे नऊ दिवस झाले होते.

आवाज ऐकून सर्वात आधी आला तो शेजारचा मच्छीमार. त्याची स्वतःची होडी आहे, वय पंचेचाळीसच्या आसपास. चौथीत तो आईच्या वर्गात होता. त्याने खड्ड्यात चार बोटं घालून बघितली.

"बाई, डोले हायत नारलाला, पन ते मानसासाठी. गारी काय मानूस हाय?"

"तू गप्प बस. सतराचा पाढा आला नव्हता तुला चौथीत."

"आतापन येत नाय. पन मी होरी माराखाली ठेवत नाय."

पंधरावीस माणसं जमली होती, ती हसली. आई हसली नाही. तिने गाडी स्वतः माडाखालून काढली आणि उन्हात उभी केली. नारळ पाडणारा शनिवारशिवाय मिळणार नव्हता, म्हणून मंगळवार गाडीने उघड्यावर काढला. त्या दिवशी सरावाला बसलो तेव्हा मागच्या वायपरचं रबर तुटून आईच्या हातात आलं. मागची काच पुन्हा पांढरी होती. आईने सहा वेळा रिव्हर्स घेतला; चार वेळा गाडी तिरकी गेली.

बुधवारी सकाळी सात वाजता तो मच्छीमार पाखाडीच्या तोंडाशी उभा होता. खांद्यावर बांबू.

"बाई, होरी शाकारतो तशी गारी शाकारू या."

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की त्यांच्यावर माडाच्या विणलेल्या झावळ्यांचं, म्हणजे झापांचं, छप्पर घालतात. त्याला शाकारणं म्हणतात. त्याची होडी महिनाअखेरपर्यंत समुद्रात जाणार होती. तिच्यासाठी त्याच्या बायकोने विणलेले झाप अंगणात रचून पडले होते.

"आणि तुझी होडी?" आईने विचारलं.

"तिला नवे इनू. तुमची परीक्षा आधी."

साडेसात ते साडेअकरा काम चाललं. सुरुवातीला आम्ही चौघं होतो, नऊ वाजता अकरा जण झालो. कोणाला बोलावलं नव्हतं. कोणी पहार आणली, कोणी काथ्या. खड्डे मारले, सहा बांबू उभे केले, आडवे बांधले. मी झाप गाडी आत आल्यावर तिच्या टपाला टेकतील इतके खाली बांधत होतो, तर मच्छीमाराच्या बायकोने ते माझ्या हातातून काढून घेतले. "अंगाला लावायचा नाय. हातभर वर. खालून वारा खेलला पायजे, नायतर लाकूड कुजतं." गोधडीखाली काय झालं होतं ते मी तिला सांगितलं. "मंग?" ती म्हणाली. "होरीवर कोन गोदरी घालतं काय?"

पश्चिमेची बाजू थेट जमिनीपर्यंत झाकली, म्हणजे समुद्राचा वारा आणि संध्याकाळचं ऊन दोन्ही अडेल. उत्तर आणि दक्षिण अर्धी. रस्त्याकडची पूर्व बाजू उघडी. सगळ्यावर एक जुनं जाळं टाकलं आणि त्याच्या कडांना वाळूने भरलेल्या गोण्या बांधल्या. जाळ्यातून वारा जातो, म्हणून ते फुगत नाही. महिनाभर आम्ही आवरणाचे बंद आवळत होतो, ते हे न कळल्यामुळे.

शेवटचा बांबू पक्का झाल्यावर आई चावी घेऊन आली आणि गाडी सरळ आत घालायला निघाली. मच्छीमार आडवा आला.

"पाठी पाठी घ्या. तोंड रस्त्याला पायजे. उद्या वादल सुटला नि गारी काढायची झाली, तर तवा काय मागं बघत बसाल?"

"म्हणजे मला रोज रिव्हर्स?"

"रोज."

"हे तू मुद्दाम केलंयस."

"व्हय, बाई."

दोन दर्शनी बांबूंमध्ये गाडी शिरून दोन्ही बाजूंना साधारण एकेक वीत उरेल, एवढीच जागा त्याने ठेवली होती. शिबिराच्या मैदानावरच्या खांबांपेक्षा ही फट अरुंद होती. ते त्याला माहीत होतं; त्याने मंगळवारी, तिथेच लायसन्स काढलेल्या आपल्या मुलाकडून ते अंतर विचारून घेतलं होतं.

गुरुवारी सकाळी सहा वाजता आम्ही गाडी बघायला गेलो. मागच्या काचेवर मीठ नव्हतं. आईने बोट फिरवलं आणि बोट बघितलं. मग ती आत बसली. मी शेजारी बसलो. ठरल्याप्रमाणे गप्प.

पहिल्या वेळी डावा बांबू वाकला. दुसऱ्या वेळी उजवा. मच्छीमार एका उलट्या टोपलीवर चहा घेऊन बसला होता.

"बाई, पुन्ना."

तिसऱ्यांदा गाडी निम्मी आत गेली आणि अडली.

"पुन्ना. न घाबरता. फल्याकडं बघून."

"हे माझं वर्गातलं वाक्य आहे," आई काच खाली करून ओरडली.

"तुमचंच हाय. मी कुठं नवीन शिकलो?"

अकराव्या वेळी गाडी कशालाही न लागता आत गेली. बघ्यांनी शिट्ट्या मारल्या. आईने बाहेर काढली आणि पुन्हा घातली. त्यानंतर पाच वेळा लागोपाठ ती नीट आत गेली. सहाव्यांदा बांबू वाकला. दुपारी ती जेवायला आली नाही, डबा झापांखाली मागवला. गाडीच्या दाराला हात टेकून ती जेवली. मे महिन्यातली दुपार होती आणि पत्रा हाताला सोसत होता.

चार वाजून चाळीस मिनिटांनी वारा वाढला. झाप सळसळले, जागचे हलले नाहीत. माडावरून लागोपाठ दोन नारळ पडले, गाडी नऊ दिवस उभी होती त्याच जागी. सगळे धावत बघायला गेलो.

"गारी कुठं गेली ते बघाया आले," मच्छीमार म्हणाला. या वेळी आई हसली.

शुक्रवारी निघताना तिने मागच्या काचेवर गोड्या पाण्याचा तांब्या ओतला आणि फडकं घरीच ठेवलं. आम्ही साडेनऊला मुरुडला पोचलो. मच्छीमार आणि त्याची बायको मोटारसायकलवरून आमच्या मागे आले होते. आईचा नंबर सव्वादहाला लागला. निरीक्षकांनी गाडीभोवती चक्कर मारली.

"टपाला काय झालंय?"

"नारळ," आई म्हणाली.

"माडाखाली लावता गाडी?"

"लावत होते."

ते शेजारी बसले. मी दोरीच्या बाहेर उभा राहिलो. आईने मैदानाला एक फेरी मारली, चढावर थांबवून गाडी पुढे घेतली, मग रिव्हर्ससाठी खांबांसमोर आली. ऊन एप्रिलसारखंच मागून होतं. मच्छीमाराने माझा दंड धरला आणि सोडला नाही. त्याची बायको तोंडात पदर धरून उभी होती. गाडी मागे आली. थांबली. चाकं किंचित वळली. पुन्हा मागे आली. दोन्ही खांब उभे होते.

निरीक्षकांनी खाली उतरून कागदावर शिक्का मारला. दहा वाजून सव्वीस मिनिटांनी आई पास झाली.

बारा वाजता आम्ही गावात परत आलो. आईने गाडी रस्त्यावर थांबवली, मला उतरायला सांगितलं आणि रिव्हर्स टाकला. गाडी एका दमात झापांखाली गेली. मच्छीमाराने वाकून वितीने अंतर मोजलं. डावीकडे एक वीत. उजवीकडे एक वीत आणि दोन बोटं.