वडिलांनीच माझ्याकडे मागितली पोटगी

मंडळी, आज डोकं इतकं तापलंय की इथं लिहिल्याशिवाय शांत होणार नाही.

मी तिसरीत असताना आईवडिलांचा घटस्फोट झाला. कोर्टाने आईला आणि मला पोटगी मंजूर केली होती, पण वडिलांनी ती कधी दिलीच नाही. आईने शिवणकाम करून मला शिकवलं. आज मी राहात्याजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. आणि आता याच वडिलांनी ‘मुलगी सांभाळत नाही’ म्हणून माझ्यावर दावा लावलाय! म्हाताऱ्या आईवडिलांच्या पोटगीचे दावे प्रांत ऑफिसात चालतात; आज तिथे पहिली तारीख होती.

व्हरांड्यात एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले. "ताई, सायबांची केबिन कुठं हाय?"

मी ओळखलं. त्यांनी नाही. मी दार दाखवलं.

आत साहेबांनी त्यांना विचारलं, "मुलगी काय करते?"

"मास्तरीन हाय. सरकारी पगार हाय," ते लगेच म्हणाले. मग माझं नाव पुकारलं, मी उभी राहिले आणि त्यांनी मान खाली घातली.

पुढची तारीख मिळाली. बाहेर येऊन आईला फोनवर सगळं सांगितलं, तर ती म्हणते, "लई थकलेत का गं ते?"

मी चिडून फोनच ठेवला. कायदा कदाचित मला पैसे द्यायला लावेलही. पण आईची थकलेली पोटगी कोण देणार? तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?